रोल्फचं मूळगाव

रविवार, ७ ऑक्टोबर

जेवताना आईने सांगून टाकलं. बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवत — जसं काही मीठ मागतेय! म्हणाली, रोल्फला तुला कायद्याने मुलगी करून घ्यायचंय, दत्तक, तर तुझं काय म्हणणं?

मी काय म्हणणार. तोंडात बटाटा होता. रोल्फ ताटात बघत होता. कान लालबुंद. पाच वर्षं झाली तो आमच्यात राहायला येऊन, पण त्याचे कान असे कधी बघितले नव्हते.

"घाई काही नाही," तो म्हणाला. आणि लगेच — बर्फ पडायच्या आत झालं तर बरं होईल, रस्ते बंद झाले की कचेरीत जायचा वैताग. म्हणजे घाई आहे.

आई म्हणाली, आडनाव बदलेल. श्टुकीची केस्लर होशील. आणि ओळखपत्रावरचं मूळगावही बदलेल — तिथे जन्मगाव नाही, बापाच्या घराण्याचं गाव लिहितात. आत्ता तिथे पास्कालचं गाव आहे, डोंगरातलं कुठलंतरी, मी तिथे पाय ठेवलेला नाही. त्याऐवजी रोल्फचं येईल, आरहाल्डन, जिथे रोल्फनेही कधी पाय ठेवलेला नाही. म्हणजे न बघितलेलं एक गाव द्यायचं आणि न बघितलेलं दुसरं घ्यायचं. काय तर व्यवहार!

पास्काल म्हणजे माझा बाप. खरा. मी चार वर्षांची असताना गेला. लोझानला असतो, तिकडे बायको आहे, जुळे मुलगे आहेत. नाताळात कार्ड येतं, त्यावर जुळ्यांचा फोटो.

मी उठून खोलीत आले. बसवत नाही. उभंही राहवत नाही. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. खालून आईचा आवाज — अगं, वारा येतोय!

मंगळवार, ९ ऑक्टोबर

पास्कालची सही लागते म्हणे. आईने मला न सांगताच त्याला कागद पाठवला होता. आज परत आला. सही करून.

आई खूश. "बरं झालं बाई, आडवा नाही आला."

मला वाटलं होतं, निदान विचारेल. नोएमीला काय वाटतं? एक फोन. विचार करायला वेळ मागेल. काही नाही. सोबत दोन ओळीसुद्धा नाहीत. पाकिटावर तिकीट मात्र सरळ लावलंय.

गुरुवारी, पंचवीस तारखेला, कचेरीतल्या दत्तकाचं काम बघणाऱ्या ओबरहोल्त्सरबाई येणार. माझ्याशी एकटीशी बोलणार. मी सोळाची आहे म्हणून माझ्या 'हो'शिवाय पुढे काही होत नाही. आणि ते 'हो' मी माझ्या तोंडाने म्हणायचं. आईने सांगून चालत नाही.

फळ्यासमोर उभं राहून चार वाक्यं बोलायची होती, ती जमली नाहीत म्हणून मी शाळा सोडली. नुसती चार वाक्यं. जंगली डुकरांवर.

आणि आता हे.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

रोपवाटिकेत दिवसभर पॅन्सीच्या कुंड्या भरल्या. मातीत बोटाने 'नोएमी केस्लर' लिहून बघितलं. मग त्यावरच रोप लावलं.

रविवार, १४ ऑक्टोबर

रोल्फने गावच्या कचेरीत स्वस्तात मिळतात ती ट्रेनची तिकिटं आणलीत. दिवसभर कुठेही फिरा, पण तारीख ठरलेली. वीस. बदलून मिळत नाही.

म्हणाला, "तू हो म्हण असं मी म्हणत नाहीये हां. पण जे गाव तुझ्या ओळखपत्रावर लागणार ते आधी बघायला नको? न बघता कोण काय घेतं?"

आई म्हणाली, मूळगावी कुणी जातं का कधी? मी गेले नाही, माझी आई गेली नाही. रोल्फ म्हणाला, म्हणूनच.

तो दुधाचा टँकर चालवतो, गावोगावच्या गोठ्यांतून दूध गोळा करतो. टँकरच्या काचेवर त्याने आरहाल्डनचं चिन्ह चिकटवलंय, लाल बुरूज आणि खाली मासा. डेअरीतले सगळे त्याला 'सरदार' म्हणतात. सरदार आले, दूध नासायच्या आत आले! त्याला ते आवडतं. वर म्हणतो, हसा, हसा, तुमची गावं कालपरवाची, आमचं घराणं तटबंदीच्या आतलं. तिथल्या सभागृहात भिंतीवर गावकीतल्या सगळ्या घराण्यांची चिन्हं रंगवलीत, त्याने कुठल्यातरी मासिकात वाचलंय. तिथे केस्लर असणार. नक्की असणार.

पन्नाशी उलटलेला माणूस. भिंतीवरचं नाव बघायला एवढा उतावीळ.

मला जायचं नाहीये. घरी बसायचंही नाहीये.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

उद्या दिवसभर पाऊस, रेडिओवर सांगितलं. आई म्हणाली, तिकिटं वाया जातील म्हणून जाऊ नका हां, न्यूमोनिया होईल. रोल्फने अंडी उकडायला ठेवली. म्हणजे जायचंच.

शनिवार, २० ऑक्टोबर

ट्रेनमध्ये लिहितेय, अक्षर बघू नये.

पाऊस आडवा. थेंब काचेवरून मागे पळतायत. रोल्फने लग्नातलं जाकीट घातलंय. समोर बसून तो झुरिकला कुठल्या फलाटावर गाडी बदलायची ते परत परत सांगतोय. मला पाठ झालंय. त्यालाही पाठ आहे. घाबरलाय तो! मी घाबरते तेव्हा गप्प होते, हा वेळापत्रक म्हणतो.

पलीकडे चालायच्या मंडळातल्या म्हाताऱ्या बायका, सगळ्यांच्या अंगावर एकसारखे निळे रेनकोट. डोंगर चढायला निघाल्यात, या पावसात. त्यांचीही तारीख ठरलेली असणार. एकीने रोल्फला विचारलं, बापलेक कुठे निघालात? रोल्फने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर. मग तो म्हणाला, "आमच्या मूळगावी." बाई म्हणाली, "अगं बाई, कशाला?"

आता ओल्टन. सगळीकडे धुकं. उतरते.

रविवार, २१ ऑक्टोबर

काल लिहवलं नाही. आता सकाळ आहे, घरात कुणी उठलेलं नाही. सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरतच राहील.

आरहाल्डन छान आहे. त्याचंच तर वाईट वाटतं. दोन वेशी आहेत, मधे एकच रुंद रस्ता, दोन्हीकडे कमानींच्या खालून चालता येतं म्हणून भिजायला होत नाही. नदी गढूळ, फुगलेली, पुलाच्या दगडांना घासून चाललेली. रस्त्याच्या मधोमध हौद, त्यावर रंगवलेला शिपाई, त्याच्या भाल्यावरून पाणी ठिबकतंय. बाजार भरलेला होता, पण छत्र्या जास्त आणि माणसं कमी. भाजलेल्या चेस्टनटचा वास.

रोल्फ सगळ्यांना नमस्कार करत चाललेला. आपल्या खेड्यात करतो तसा. लोक वळून बघत, मग त्यांच्या बोलीत नमस्कार करत. आमची बोली पूर्वेकडची, तोंड उघडलं की कळतं. एका चीजवाल्याने विचारलंच, एवढ्या लांबून आलात? रोल्फ म्हणाला, लांबून नाही, परत आलोय. चीजवाला हसला. त्याला वाटलं विनोद.

दरवाज्यांवर कोरलेली सालं रोल्फ मोठ्याने वाचत होता. जुनं साल दिसलं की माझ्याकडे बघून भुवया उडवायचा, जणू ते त्यानेच कोरलंय. मला हसू आलं. खरंच आलं. एका क्षणी तर मला वाटलं, चालेल. हे गाव चालेल मला. हेही लिहून ठेवते.

मग सभागृह. शनिवारी बघायला उघडं असतं. लाकडी जिना, मेणाचा वास, आमच्या बुटांचं पाणी सगळ्या फरशीवर. आणि खरंच, चारी भिंतींवर चिन्हं! नांगर, कुऱ्हाड, तीन गुलाब, एक अर्धं अस्वल. खाली घराण्याचं नाव. अक्षरांच्या क्रमाने.

मला लगेच दिसलं. केर्न, आणि त्याच्या पुढे एकदम कीबुर्त्स. मधे केस्लर नाही.

रोल्फ 'अ'पासून निघाला होता, टाचा उंचावून, एकेक नाव वाचत. कीबुर्त्सपाशी थांबला. परत मागे गेला. मग म्हणाला, "कदाचित वेगळ्या भिंतीवर असेल." पूर्ण फिरला. खिडकीवरचा भाग अंधारात होता, तिथे फोनचा दिवा मारून बघितलं. तिथे नुसतीच वेलबुट्टी. दारातल्या बाईला विचारू या, मी मनात म्हटलं. त्याने विचारलं नाही. मीही नाही. जाकिटाची बटणं लावली आणि म्हणाला, भूक लागली.

अंडी होती पिशवीत, सँडविचही. पण तो म्हणाला, आज खानावळीत. आज आपण आपल्या गावात आहोत.

आणि तिथे तो चुकला. मला अजून कळत नाही, त्याला काय झालं होतं. प्रत्येक खानावळीत शेगडीजवळ एक गोल टेबल असतं, वर पितळी पाटी टांगलेली. ते नेहमीच्या मंडळींचं. तिथे परक्याने बसायचं नसतं, हे लहान पोरालाही कळतं. बाकीची सगळी खानावळ रिकामी असली तरी नाही. आपल्या खेड्यात रोल्फ त्या टेबलाला साधा कोटही लागू देत नाही.

तो सरळ जाऊन त्या टेबलाशी बसला. पाटीखाली. मी उभी राहिले. खुर्ची ओढून म्हणाला, "बस गं. आपण इथलेच आहोत."

वाढणाऱ्या बाईने आमच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. म्हणाली, तिकडे खिडकीपाशी छान उजेड आहे. रोल्फ म्हणाला, इथे ऊब आहे. बाईने खांदे उडवले आणि सूप लिहून घेतलं. माझा पाय तेव्हापासूनच हलायला लागला.

ते चौघे आले. म्हातारे, भिजलेले. हॅट झटकल्या, खुंट्यांवर लावल्या, आपापल्या खुंटीवर. आणि उभे राहिले. एक उंच म्हातारा रोल्फच्या खुर्चीच्या मागेच येऊन थांबला. नंतर कळलं, त्याचं नाव झेगेसर, पूर्वी गावकीच्या जंगलाचा मुख्य होता.

"पाहुणे," तो म्हणाला, "माझी खुर्ची गरम करून ठेवलीत, उपकार झाले."

रोल्फ उठला, अर्धा. हात पुढे केला. "मी पाहुणा नाही. केस्लर. मूळगाव आरहाल्डन."

मला वाटलं, आता सगळं नीट होईल. झेगेसरने हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला, मासा तोलावा तसा.

"केस्लर? कुठले केस्लर?"

दुसरा, पाइपवाला, बसता बसता म्हणाला, "अरे, ते नाही का, वाटणीतले."

आणि मग सगळे बसले, आमच्याच भोवती. आता उठून जाताही येईना. पाइपवाल्याने सगळं सांगितलं, मोठ्या मजेत, रोज सांगत असल्यासारखं. पूर्वी रस्त्यावर फिरणारी माणसं होती, कुठल्याच गावची नसलेली. भांडी सांधणारे, टोपल्या विणणारे. मग बर्नहून सरकारचा हुकूम निघाला की प्रत्येकाला कुठलंतरी गाव लावून द्या. गावं म्हणाली, आम्हाला नको. मग चिठ्ठ्या टाकल्या. आरहाल्डनच्या वाट्याला एक भांडी सांधणारा आला, बायको आणि पोराबाळांसकट. केस्लर. कागद दिला, पण गावकीच्या जंगलातलं लाकूड दिलं नाही, वेशीच्या आत घर दिलं नाही. चिन्ह कुठलं देणार! चार वर्षांनी गावाने वर्गणी काढून सगळ्या कुटुंबाला अमेरिकेला पाठवून दिलं. जा बाबांनो, सुखी राहा.

"सगळ्यांना?" रोल्फने विचारलं.

"सगळ्यांना," पाइपवाला म्हणाला. मग रोल्फकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पण तुमचा पणजा बोट चुकलेला दिसतोय."

हसले. चौघेही हसले, वाढणारी बाई हसली. आणि रोल्फ हसला! तेच मला सहन होईना. तोंड उघडून हसला, मान हलवत, जसं काही दुसऱ्या कुणाचं चाललंय.

माणसं वाईट नव्हती. झेगेसरने रोल्फला बसायला सांगितलं, स्वतः स्टूल घेतलं. म्हणाला, बोट चुकलेल्याला एक पेला माझ्याकडून. पांढरी वाईन आली. रोल्फने पेला उचलून आभार मानले. रस्त्याचं विचारलं, जंगलाचं विचारलं. सगळं कसं छान चाललेलं. त्याचे कान फक्त...

मग पाइपवाल्याला मी दिसले. "आणि ही? तुमची पोरगी?"

रोल्फने माझ्याकडे बघितलं नाही. पेल्याकडे बघत म्हणाला, "बायकोची."

बायकोची.

तो कधीच असं म्हणत नाही. डेअरीत, दवाखान्यात, शाळेत. शाळा सोडताना सरांसमोरसुद्धा 'आमची नोएमी'. पहिल्या आठवड्यापासून आमची. मला इतका राग यायचा! कुणी विचारलं होतं तुला, तुमची कधी झाले मी? पाच वर्षं मनातल्या मनात हेच. आणि काल त्याने 'आमची' म्हटलं नाही तर असं झालं की जिन्यात शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी.

मी सुपात चमचा फिरवत राहिले. पाय इतका हलत होता की टेबलावरचे पेले किणकिणायला लागले. झेगेसर म्हणाला, "भूकंप नाही ना?" परत हसले. मला काहीतरी म्हणायचं होतं. काय ते अजूनही माहीत नाही. तोंड उघडलंही. मग त्यात पाव घातला.

बाहेर आलो तर पाऊस तसाच. रोल्फ आता कुणाला नमस्कार करत नव्हता. पुढची ट्रेन आम्ही आरामात गाठली असती, पण तो जवळजवळ धावत होता.

येताना डब्यात आम्ही दोघंच. ओल्या कोटांचा वास, काचा धुरकट. ओल्टन गेलं तरी वेळापत्रक नाही. मग म्हणाला, "नोएमी, सोमवारी त्या ओबरहोल्त्सरबाईंना मी फोन करतो. राहू दे ते."

मी नखाजवळची साल ओढत होते.

"मला वाटलं होतं, आपल्याकडे द्यायला काहीतरी आहे," तो म्हणाला. "भिंतीवर नाव असलेलं. तर ते पाठवून दिलेल्यांचं नाव निघालं. तुझं आहे तेच बरं आहे गं. श्टुकी तर पार—" हाताने मोठं काहीतरी दाखवलं. "डोंगरभर श्टुकी."

मी म्हणायला हवं होतं की मला भिंत नकोय. हे आत्ता सुचतंय, आत्ता! तेव्हा मी म्हटलं, "अंडं खाणार?"

त्याने घेतलं. सोललं. मीठ आणायला विसरलो होतो.

सोमवार, २२ ऑक्टोबर

टँकरवरचं चिन्ह त्याने खरवडून काढलं. काचेवर मासा अर्धा राहिलाय, निघत नाही.

फोनही केला. बाई म्हणाल्या, अर्ज मागे घ्यायचा तर लेखी द्या. तोपर्यंत माझं गुरुवारचं येणं ठरलंय, मी येणार.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली, माझे मोजे गुंडाळायला लागली. मी सगळं सांगावं म्हणून. मी नाही सांगितलं. रोल्फनेही तिला धड सांगितलेलं नाही, नुसतं म्हणतो, पोरीवर कशाला ओझं.

"तो बावळट आणि तू मुकी," आई म्हणाली. "मी कुणाशी बोलू? भिंतीशी?"

भिंत म्हटल्यावर मला रडू आलं. तिला काही कळेना. तिने मोज्याने माझं नाक पुसलं.

बुधवार, २४ ऑक्टोबर

आज ठरवलं होतं. रोपवाटिकेत हेदरच्या कुंड्यांना सगळं म्हणून दाखवलं. रोल्फ, तू मागे घेऊ नकोस. एवढंच. पाचसात वेळा म्हटलं, जमलं. मालकीणबाई पलीकडून म्हणाली, कुणाशी बोलतेस गं? म्हणजे मोठ्यानेही जमलं.

संध्याकाळी तो अंगणात टँकरचे पाइप धूत होता. मी बूट घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. त्याने पाणी बंद केलं. "काय गं?"

"पाऊस थांबला," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. "हो. थांबला."

आणि परत पाणी सोडलं.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

ओबरहोल्त्सरबाई आल्या. आईला आणि रोल्फला बाहेर फिरायला पाठवलं. बाई चांगल्या आहेत. ओल्या छत्रीखाली स्वतःच फडकं शोधून ठेवलं. मला म्हणाल्या, सावकाश. मी कॉफी दिली, बशीत सांडली.

विचारलं, रोल्फ घरात कसा वागतो? मी मान हलवली. भीती वाटते का? मान हलवली, नाही. त्याने तुझा बाप व्हावं असं वाटतं? मी मान हलवली. हो. जोरात! दोनदा!

"बोलून सांग ना," बाई म्हणाल्या. "तुझं म्हणणं मला तुझ्याच शब्दांत लिहावं लागतं. हो तर हो."

आलं नाही. तोंडाचं कुलूप. टेबलाच्या कडेला धरून बसले, घड्याळ वाजतंय, फ्रीज घरघरतोय, बाई थांबल्यात. दोन अक्षरंही नाहीत, एकच. जंगली डुकरांवर तरी चार वाक्यं होती.

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, तो मागे घेतोय हे माहीत आहे ना तुला? दोन आठवड्यांनी मी परत येते. त्याच्या आधी त्याचं लेखी आलं तर मग मला येता येणार नाही. हे तुला सांगून ठेवते.

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तशीच उभी. ते दोघं परत आले तेव्हा रोल्फने काही विचारलं नाही. आई विचारणार होती, त्याने तिचा हात दाबला. बहुतेक त्याला वाटलं, मी नाही म्हटलं.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

त्याने लिहिलंय. पाकीट जाकिटाच्या आतल्या खिशात आहे. काल पोस्टाची पेटी चुकली म्हणाला, आज पेटीतली पत्रं काढायची वेळ टळली म्हणाला. टँकर घेऊन तो रोज पेटीवरूनच जातो.

सोमवारी टाकतो म्हणाला.

शनिवार, २७ ऑक्टोबर

आई दुकानात गेलेली. रोल्फ उद्याच्या पावाची वेणी घालायला पीठ मळत होता. फोन वाजला, तो म्हणाला, घे गं.

पास्काल! आवाज ओळखायला वेळ लागला. म्हणाला, किती मोठी वाटतेस. मग म्हणाला, त्याची आई रडली, ती म्हणते रक्ताचं नाव असं देऊन टाकतात का, आणि त्याने चौकशी केलीय, सही मागे घ्यायला त्याला अजून मुदत आहे. "मी मागे घेतोय, नोएमी. शेवटी मी तुझा बाप आहे. हो ना?"

मी म्हटलं, "थांबा हं, माझ्या वडिलांना देते."

रोल्फचे हात कोपरापर्यंत पिठात. मीच फोन त्याच्या कानाला धरला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ करून म्हणाला, "केस्लर."